तेल संपले त्या रात्री

बंदुकीच्या दारूने जखम विषारी होते, अशी सोळाव्या शतकात युरोपातील शल्यवैद्यांची समजूत होती. इटालियन शल्यवैद्य विगो याच्या ग्रंथात त्यावर उपाय होता : जखमेत एल्डर झुडपाचे उकळते तेल ओतावे!

१५३६-३७ च्या सुमारास फ्रेंच सैन्य तुरिनवर चालून गेले. सोबत आंब्रुआज पारे हा तरुण शल्यवैद्य होता. त्याची ही पहिलीच मोहीम. बरोबरचे शल्यवैद्य करीत तेच तोही करू लागला. जखमी इतके आले, की तेल संपले. मग उरलेल्यांच्या जखमांना त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल व टर्पेंटाइन यांचे मलम लावले. विषाने हे सैनिक सकाळपर्यंत मरतील या धास्तीने त्याला झोप लागेना. पहाटेच उठून पाहतो, तर मलमवाल्यांना वेदना थोड्या, सूज नाही. तेलवाले मात्र तापाने फणफणलेले, जखमा सुजलेल्या.

प्रयोग त्याने मांडलाच नव्हता, तो टंचाईने मांडला. आजच्या कसोट्यांना तो उतरणार नाही. शिवाय मलमात काही जादू होती असेही नव्हे. तेलाने चांगले मांसही भाजून निघे, ते टळले एवढेच बहुधा खरे. पण ग्रंथ आणि समोरचा रुग्ण यांचे जमेना, तेव्हा पारेने ग्रंथ सोडला.

१५४५ मध्ये त्याने अशा जखमांच्या उपचारांवर पुस्तक छापले. त्याला लॅटिन येत नव्हते. पुस्तक फ्रेंचमध्ये निघाले, आणि छावणीतल्या न्हावी-शल्यवैद्यांना ते वाचता आले.