स्पीकरचं भोक आणि संशोधकाचा पुरावा



पीएच.डी.च्या तयारीला लागलेले विद्यार्थी भेटले की एक प्रश्न हमखास येतो: "ताई, माझ्या विषयावर कागदपत्रंच नाहीत. मग इतिहास लिहायचा कशावर?" माझा विषय गाडीतल्या आवाजाचा, म्हणजे रेडिओ, टेप आणि स्पीकर आपल्याकडच्या गाड्यांत कसे आले, याचा. या विषयावर दफ्तरखान्यात फाइल मिळत नाही. म्हणून आज एका भोकाची गोष्ट सांगते. बाबांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या डॅशबोर्डमधलं, स्पीकरसाठी कापलेलं भोक. त्यातून मी काय शिकले आणि कुठे आपटले, दोन्ही सांगते.

आधी चूक

आमचं घर वडखळला. मुंबई-गोवा रस्त्यावरून अलिबागचा फाटा जिथे फुटतो तो नाका तुम्हाला माहीत असेल, निदान गणपतीत तिथे अडकून तरी. गाडी १९८४ची, बाबांनी १९९१ साली जुनी घेतलेली. मी एम.ए.ला असताना मागच्या ट्रेमधले दोन लंबगोल स्पीकर फाटले होते. ट्रेही कुजला होता. आम्ही सगळं काढलं, भंगारात दिलं, नवीन बसवलं. एक फोटोही काढला नाही.

दोन वर्षांनी माझा विषय ठरला. मार्गदर्शक बाईंना उत्साहाने सांगितलं की घरीच एक उदाहरण आहे. त्या म्हणाल्या, "छान. मागच्या स्पीकरचा फोटो आहे? मागे काही छापलेलं होतं? वायर कुठून कशी नेली होती?" माझ्याकडे तिन्हींचं उत्तर नव्हतं. स्वतःच्या हाताने मी स्वतःचं साधन भंगारात घातलं होतं.

त्यामुळे गेल्या वर्षी बाबा म्हणाले की डॅशबोर्डचा स्पीकर घरघर करतोय, चांगला नवीन टाकू, तेव्हा मी म्हटलं, "थांबा. आधी मला बघू द्या."

थोडी पार्श्वभूमी

गाडीतल्या रेडिओची गोष्ट बहुतेक पुस्तकांत अमेरिकेपासून सुरू होते. शिकागोच्या गॅल्विन कंपनीने १९३० साली मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला. 'मोटोरोला' हे नाव त्यातूनच आलं. १९५५ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत संपूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ आला. १९६३ मध्ये फिलिप्सने छोटी कॅसेट आणली आणि पुढे ती गाडीत शिरली.

आपल्याकडे क्रम वेगळा दिसतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या ११०० मालिकेतल्या गाड्या निघू लागल्या. पुढे त्यातलीच एक 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईची काळीपिवळी म्हणून आपण तिला ओळखतो. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा लोक तिच्यासोबत फोटो काढत होते.

त्या काळात रेडिओ बाळगणं ही सरकारी नोंदीची गोष्ट होती. १९३३च्या वायरलेस कायद्याने परवाना लागायचा. पोस्टात शुल्क भरलं की परवान्याच्या पुस्तकावर तिकीट लागायचं. हे परवाने १९८०च्या दशकात बंद झाले. आणि रेडिओवर काय ऐकायचं, हाही वादाचा मुद्दा होता. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली. कॅसेट आली तेव्हा मात्र परवाना नको, केंद्र नको, वेळापत्रक नको. पीटर मॅन्युएल यांच्या 'कॅसेट कल्चर' (१९९३) या पुस्तकात हा बदल उत्तर भारताच्या संदर्भात फार नीट मांडलाय.

आता यात गंमत बघा. रेडिओ, परवाना, कॅसेट यांचा इतिहास मिळतो. पण कारखान्यातून निघालेल्या गाडीत स्पीकर बसवला कुणी? पत्रा कापला कुणी? लॅमिंग्टन रोडवर माल मिळायचा, पण तो बसवणारा हात नाक्यानाक्यावरच्या गाडीच्या वायरमनचा होता. त्याने बिल दिलं असेल तर ते कधीच फाटलं. आरसी बुकात चासी नंबर असतो, इंजिन नंबर असतो, रंग असतो, स्पीकर नसतो. वायरमनच्या कामाची एकच नोंद उरते: त्याने कापलेला पत्रा.

भोक वाचायचं कसं

नाक्याजवळच्या एका गॅरेजात आम्ही डॅशबोर्ड उघडला. वायरमन काका साठीचे. मी वही, पट्टी आणि मोबाइल घेऊन बाजूला. त्यांना आधी हसू आलं. मग त्यांनाच मजा वाटायला लागली.

पहिली नोंद कडेची. भोक गोल नव्हतं. टिनकटरने चावत चावत कापल्यासारखं होतं. म्हणजे कारखान्याचा साचा नाही, हाताचं काम.

दुसरी नोंद रंगाची. गाडी मूळची क्रीम, नंतर निळी झालेली. कडेवर क्रीम रंग कापला गेला होता, पण निळा रंग कडेवरून आत ओघळला होता. याचा अर्थ आधी क्रीम, मग भोक, मग निळा. उत्खननात थर वाचतात तसंच हे. १९९६च्या गणपतीतल्या आमच्या एका फोटोत गाडी निळी दिसते. म्हणून भोक १९८४ नंतरचं आणि १९९६ पूर्वीचं. एवढं पक्कं.

तिसरी नोंद वायरीची. स्पीकरच्या दोन टोकांपैकी एकाची वायर थेट बॉडीला स्क्रूने आवळलेली. काका म्हणाले, "ही बॉडी अर्थ आहे. नवीन टेपला अशी जोडली तर टेप जाईल."

हे का, ते समजून घ्या, कारण पुढचा सगळा युक्तिवाद यावर उभा आहे. जुन्या सेटमध्ये आवाजाची एकच तार 'जिवंत' असायची. दुसरी गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जायची. आजच्या बहुतेक सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात आणि एकमेकींच्या उलट हलतात. त्यामुळे त्याच बॅटरीवर हिशेबाने चौपट ताकद मिळते. पण यातली एक तार पत्र्याला टेकली की सरळ शॉर्ट.

मी लगेच वहीत लिहिलं: 'बॉडी अर्थ, म्हणजे एकाच स्पीकरचा जुना रेडिओ. म्हणजे कॅसेटच्या आधीचा काळ.' मला वाटलं, प्रकरणाचा पहिला परिच्छेद मिळाला.

काकांनी वहीत डोकावून विचारलं, "काय लिहिलंस?" मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "असं नाही गं. जुन्या स्टिरिओ टेपलाही बॉडी अर्थ चालायचा. डावा-उजवा, दोघांचा अर्थ एकच. मीच कितीतरी जोडलेत."

माझं वाक्य तिथेच पडलं. ती वायर फक्त एवढंच सांगत होती की शेवटी जोडलेला सेट आजच्या पद्धतीचा नव्हता. तो रेडिओ होता की टेप, हे ती सांगत नव्हती. आणि ते सांगू शकले असते मागच्या ट्रेमधले ते दोन स्पीकर आणि त्यांच्या वायरी. जे मी भंगारात दिले होते.

माणसांना विचारताना

घरी येऊन विचारलं. बाबा म्हणाले, "टेप होता. मीच बसवून घेतला." आई म्हणाली, "काहीतरीच. गाडी घेतली तेव्हा आत रेडिओ होताच. टेप नंतर आला, तोही माझ्या भावाने आणलेला." दोघं एकाच गाडीत बसून प्रवास केलेले, आणि आठवणी दोन.

नवीन विद्यार्थी इथे घाई करतात आणि एकाला खरा ठरवतात. मौखिक इतिहासात आधी प्रश्न बदलून बघावा. मी विचारलं, "काय ऐकायचात?" बाबांना आठवली ती नाक्यावरची कोंडी. पेणहून मूर्ती नेणारे टेम्पो पुढे, मुंबईहून येणारे चाकरमानी मागे, आणि गाडीत एकच कॅसेट उलटसुलट चाललेली. आईला आठवल्या दुपारच्या बातम्या. म्हणजे दोघं वेगवेगळ्या वर्षांबद्दल बोलत असण्याची शक्यता आहे. दोन्ही आठवणी खऱ्या असू शकतात आणि भोक एकाच्या आधीचं. पण ते पहिल्या मालकाने पाडलं की बाबांनी, हे माझ्या पुराव्यावर ठरत नाही. प्रबंधात मी तसंच लिहिलंय.

मग या भोकाचा उपयोग काय?

डेव्हिड एजर्टन यांच्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या पुस्तकाचं म्हणणं असं की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवर न लिहिता वापरावर आणि दुरुस्तीवर लिहावा. क्लाइन आणि पिंच यांचा १९९६चा लेख तर फार वाचनीय आहे: अमेरिकेतले शेतकरी मोटारीच्या इंजिनावर कपडे धुण्याचं यंत्र चालवत, म्हणजे वापरणाऱ्यांनीच गाडीचा अर्थ बदलला. बायस्टरव्हेल्ड आणि सहकाऱ्यांचं 'साउंड अँड सेफ' (२०१४) गाडीतल्या आवाजाबद्दलच आहे, पण त्यातली गाडी प्रामुख्याने युरोपातली.

ही पुस्तकं वाचा. पण त्यांतलं वाक्य उचलून वडखळच्या गाडीवर चिकटवू नका. आमच्या भोकाने सिद्ध होतं ते इतकंच: या एका गाडीला आवाज कारखान्याबाहेर, हाताने, १९८४ ते १९९६ या काळात मिळाला. अशा तीस-चाळीस गाड्यांची नोंद झाली, तर रस्त्याकडेच्या वायरमनांच्या कामाबद्दल काही म्हणता येईल. मी सध्या त्या मागे आहे. घाई यासाठी की जुन्या गाड्या भंगारात चालल्यात, आणि रस्ता रुंद झाल्यावर, बायपास झाल्यावर नाक्यावर गाडी थांबायचं कारणही कमी झालंय. काकांच्या हाताखाली आता कुणी शिकत नाही.

शेवटी स्पीकर बसला

नवीन चार इंची स्पीकर त्या वेड्यावाकड्या भोकात सैल बसत होता. सरळ उपाय म्हणजे भोक कापून मोठं करायचं आणि मोठा स्पीकर टाकायचा. काकांनी कटर उचललाही होता. मी म्हटलं, कड कापली तर रंगाचा थर जाईल. थोडा विचार करून त्यांनी प्लायची एक रिंग कापली, जुन्याच स्क्रूच्या भोकांवर बसवली आणि फट बुजवली. फट बुजवणं तसंही गरजेचं होतं. स्पीकरच्या मागचा आवाज पुढच्या आवाजात मिसळला की खर्ज गायब होतो.

बॉडीची जुनी वायर कापली नाही. टोकाला टेप गुंडाळून तशीच ठेवली. स्पीकरला दोन नव्या वायरी थेट सेटपर्यंत नेल्या. एका वायरीत १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरवर साधारण ४०० हर्ट्झच्या खालचा भार कमी होतो आणि छोटा कोन फाटत नाही. पेन्सिल सेल टेकवून काकांनी कोन बाहेर येतो की आत जातो ते बघितलं आणि प्लस-मायनस ठरवलं. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली, तेही मी लिहून घेतलं.

तुमच्यासाठी सांगायचं तर नियम साधा आहे. वस्तूला हात लावण्याआधी पट्टी ठेवून फोटो काढा. काढलेला भाग तारीख लिहून जपा. मग अंदाज लिहा, आणि तो अंदाज ते काम करणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. माझा तरी पहिला परीक्षक तोच निघाला.

जुना स्पीकर आता माझ्या टेबलाखाली खोक्यात आहे. गाडी सुरू करून बाबांनी आवाज वाढवला आणि म्हणाले, "पहिल्यापेक्षा स्वच्छ आहे." मग थोड्या वेळाने, "पण घरघर नाही, म्हणून ओळखीचा वाटत नाही." ते वाक्यही वहीत आहे. तारखेसकट.