काचपट्टीवरची तुरटी

गाठ साधी की कॅन्सरची, हे ठरवताना पॅथॉलॉजिस्टची सगळी भिस्त पेशीच्या केंद्रकावर असते. ते केंद्रक ज्या निळ्या रंगात दिसतं, तो रंग तिथे धरून ठेवते तुरटी. बारामती-इंदापूरकडे पावसाळ्यात गढूळ पाणी हंड्यात भरून जिचा खडा फिरवतात आणि दाढी झाल्यावर न्हावी जी गालावर घासतो, तीच ही तुरटी. हॅरिसच्या हिमॅटॉक्सिलिनची कृती वाचताना मी या घटकापाशी थबकलो, कारण प्रमाण पाहून चकित व्हावं असंच होतं. लिटरभर पाण्यात रंग पाच ग्रॅम आणि तुरटी शंभर ग्रॅम! तेव्हापासून या रंगाची कुळी शोधतो आहे. माझं ठाम मत झालं आहे की कॅन्सर ओळखणारी ही विद्या अर्धी रंगाऱ्याच्या घरची आहे.

आधी ती प्रत्यक्ष कशी चालते ते पाहू. मानेला किंवा स्तनात गाठ लागते, डॉक्टर 'सुईची तपासणी' लिहून देतात. साध्या इंजेक्शनच्या बारीक सुईने गाठीतून थेंबभर माल ओढतात, काचपट्टीवर टाकतात आणि दुसऱ्या पट्टीने पातळ पसरवतात. काही पट्ट्या ओल्या असतानाच अल्कोहोलच्या बरणीत बुडतात, काही हवेवर वाळवतात. वाळवलेल्यांना गिम्सा जातीचे रंग आणि ओल्यांना पापानिकोलाऊचा रंग, अशी सर्वसाधारण वाटणी असते. माझा जीव अडकलाय तो या दुसऱ्या रांगेत. तिथल्या हिमॅटॉक्सिलिनच्या भांड्यातून पट्टी बाहेर येते ती लालसर जांभळी. टेक्निशियन ती नळाच्या बारीक धारेखाली धरतो आणि बघता बघता तो लालसरपणा निवळून पट्टी निळी होते. याला ते 'ब्लूइंग' म्हणतात. मग पुढचे नारिंगी-हिरवट रंग चढतात. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी केंद्रक आटोपशीर, कडेने गुळगुळीत दिसतं. कॅन्सरचं केंद्रक फुगलेलं, गर्द, आत गुठळ्या-गुठळ्या आणि कड वेडीवाकडी. ही गर्दी डोळ्यांना दिसते ती रंग घट्ट बसला म्हणून.

आणि रंग एकटा बसत नाही. हिमॅटॉक्सिलिन हवेने किंवा औषधाने पिकून त्याचं हिमॅटेइन झालं तरी नुसत्या पाण्यात ते पेशीला फारसं धरत नाही. तुरटीतलं ॲल्युमिनियम त्याला येऊन चिकटलं की जोडीवर धन प्रभार येतो. केंद्रकातल्या डीएनएवर फॉस्फेटचा ऋण प्रभार असतो, तिथे ही जोडी जाऊन बसते. हंड्यातही गाळाचे कण ऋण प्रभाराचे असतात. तिथेही ॲल्युमिनियमच त्यांना गोळा करून तळाशी नेतं.

आता कुळी. लेवेनहूकने 1714 मध्ये स्नायूचे धागे पाहायला केशर वापरलं. गेरलाखने 1858 मध्ये किरमिजी कीटकाचा कार्माइन वापरून पेशींना रंग देण्याची चाल पाडली. वाल्डायरने 1863 मध्ये हिमॅटॉक्सिलिन घेतलं, पण नुसतंच, आणि ते फिकं पडलं. 1865 मध्ये बोमरने त्यात तुरटी घातली आणि केंद्रकं उठून दिसली. त्याने हे सांगितलं ते मेंदूज्वराच्या साथीवरच्या एका लेखात, जाता जाता. पुढे हॅरिसने 1900 मध्ये कृती पक्की केली, न्यूयॉर्कमध्ये मार्टिन आणि एलिस यांनी 1930 मध्ये सुईने गाठी तपासल्या, पापानिकोलाऊने 1942 मध्ये हॅरिसचंच हिमॅटॉक्सिलिन घेऊन आपला रंग जाहीर केला आणि स्वीडनच्या डॉक्टरांनी सुईची पद्धत जगभर नेली. हे सगळं कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतं.

खरा वाद आहे 1865 च्या तुरटीचा. ती बोमरला कुठून सुचली?

एक मत असं की हे सगळे रंग अपघाताने सापडले. गेरलाखची गोष्ट सांगतात: मेंदूचा काप चुकून रात्रभर पातळ कार्माइनमध्ये राहिला आणि सकाळी सुरेख रंगलेला दिसला. गोष्ट गोड आहे, पण ती कार्माइनची. तुरटी कुणाच्या हातून भांड्यात चुकून पडत नाही. दुसरं मत जर्मन रंगकारखान्यांना श्रेय देतं. पर्किनने 1856 मध्ये मोव्ह हा कृत्रिम रंग काढला, त्यातून उद्योग उभा राहिला आणि डॉक्टरांनी तिथल्या बाटल्या उचलल्या. इओसिनच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं. तो कारोने 1870 च्या दशकात काढला आणि 1876 मध्ये हिमॅटॉक्सिलिनच्या जोडीला आला. पण हिमॅटॉक्सिलिन कारखान्यात जन्मलंच नाही. ते लाकडातून येतं. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावरच्या कँपेचे भागातलं झाड, गाभा तांबडा, इंग्रजीत लॉगवुड. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात ते युरोपात नेलं, त्याच्या तोडीवर समुद्री चाचे पोसले आणि आजचा बेलीझ देश त्याच लाकूडतोड्यांच्या वस्तीतून उभा राहिला.

या लाकडाच्या इतिहासातच माझा मुख्य पुरावा आहे. 1581 मध्ये एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्लंडने लॉगवुडवर बंदी घातली. तक्रार एकच होती, रंग टिकत नाही, गिऱ्हाइकाची फसवणूक होते. बंदी उठली 1662 मध्ये, आणि दरम्यान तुरटी-लोखंडाने हा रंग बांधायची कला रंगाऱ्यांना साधली होती. आता ही दोन वर्षं वाल्डायर आणि बोमरच्या शेजारी ठेवून पाहा. तेच लाकूड, तीच फिकेपणाची तक्रार आणि इलाजही तोच. एकदा कापडावर आणि दोनशे वर्षांनी काचेवर. एवढं साम्य योगायोगाने जुळतं असं मला वाटत नाही. शिवाय लॉगवुडमधलं रंगद्रव्य 1810 मध्ये वेगळं काढलं ते शेव्हरलने, आणि हाच शेव्हरल पुढे पॅरिसच्या प्रसिद्ध गोबलँ गालिचा-कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. म्हणजे डॉक्टरांच्या हाती रंग पोचण्याआधी तो ज्यांच्या हातात होता ती माणसं रंगाईतली. 1865 च्या जर्मनीत लॉगवुड आणि तुरटीची सांगड रंगाऱ्याच्या प्रत्येक पोराला ठाऊक होती. बोमरने ती बाजारातून उचलली, यावर मी पैज लावायला तयार आहे.

रंगबंधकाची ही युक्ती तर आपल्याकडची फार जुनी. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला कापसाच्या कापडाचा तुकडा सापडला. मुंबईच्या माटुंग्याच्या कापूस-प्रयोगशाळेत गुलाटी आणि टर्नर यांनी 1920 च्या दशकात तो तपासला. त्यावर मंजिष्ठाच्या जातीचा रंग निघाला, आणि मंजिष्ठा तुरटीवाचून सुती धाग्यावर टिकत नाही. पुढे कच्छमधल्या माताना मढची तुरटी मुंबईच्या बाजारात येत असे.

लोखंडाचं तर आणखी नवल. कलमकारीचा आणि अजरखचा काळा रंग करताना भंगार लोखंड गुळाच्या पाण्यात दिवसेंदिवस आंबवतात, आणि त्या पाण्याने कापड काळं होतं. वायगर्टने 1904 मध्ये हिमॅटॉक्सिलिनला लोखंडाची जोड दिली आणि केंद्रकं निळ्याऐवजी काळीभोर झाली. तुरटी घातली की निळा-जांभळा, लोखंड घातलं की काळा, हा रंगाऱ्याचा पाढा प्रयोगशाळेने जसाच्या तसा गिरवला. आमच्या ऊस-गुळाच्या मुलखातल्या माणसाला हे वाचून आनंद व्हावा, मला तर फार झाला.

याच मुलखाचा आणखी एक धागा ब्लूइंगपाशी येऊन जुळतो. पट्टी निळी होते ती पाणी किंचित अल्कधर्मी असल्यामुळे. जिथलं नळाचं पाणी मऊ किंवा आम्लट, तिथे सोडा बायकार्ब आणि मॅग्नेशियम सल्फेट मिसळलेलं 'स्कॉटचं पाणी' करून ठेवावं लागतं. आरओच्या पाण्यात ब्लूइंग रेंगाळतं. आणि नीरा खोऱ्याचं काय? 1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला, पुरंदर-बारामती-इंदापूरला ऊस आला, निचऱ्याची सोय राहून गेली आणि जमिनीतले क्षार वर आले. 1910 मध्येच हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्याच्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आज माळेगावला अजैविक ताणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या कामातही हा खार येतो. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी ब्लूइंगला मात्र पोषक. युरोपातले रंगारीही मंजिष्ठाच्या भट्टीत मुद्दाम खडू टाकत. बारामतीला 2019 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथल्या विद्यार्थ्यांनी गावोगावच्या विहिरींचं पाणी आणून शेजारी-शेजारी पट्ट्या निळ्या करून पाहाव्यात, असं मला मनापासून वाटतं. माझा अंदाज आहे की निरगुडे-सणसरकडचं पाणी स्कॉटच्या पाण्याला हार जाणार नाही.

कापडाचा संबंध इथेच तुटत नाही. परळचं टाटा मेमोरियल 1941 मध्ये सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी उभ्या केल्या. भारतातल्या कॅन्सर-पॅथॉलॉजीचा पाया घातला तो या माणसाने. 1945 मध्ये त्यांनी आणि सूर्याबाईंनी लोकांच्या सवयी आणि कॅन्सर यांचा मेळ घालणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यात धोतराचा कॅन्सर आहे. कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी धोतर आवळून कातडी घासते, काळवंडते, जखम होते आणि क्वचित तिथे गाठ धरते. पुढे साडीच्या, परकराच्या नाडीच्या जागीही असेच रुग्ण सापडले. कमरेच्या कापडाने केलेली करामत कापडाच्याच रंगाने उघडकीस आणली.

इंदापूरहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी करत बार्शी गाठली की या कथेचा अलीकडचा टप्पा लागतो. तिथल्या नर्गिस दत्त हॉस्पिटलमध्ये 1987 पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, भारतातली पहिली. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1,31,746 बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी चाचणी झाली, निष्कर्ष 2009 मध्ये आले. पॅप स्मिअर म्हणजे पापानिकोलाऊची काचपट्टी, व्हिनेगर लावून पाहणं आणि एचपीव्ही या विषाणूची तपासणी, यांची तुलना होती. मृत्यू ठळकपणे कमी केले ते एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने. काचपट्टीवर प्रेम करणाऱ्याला हा निकाल टोचतो, पण चाचणी चोख होती आणि निकाल मानायलाच हवा. चाळणी लावायला विषाणू शोधा. मात्र हाताला लागलेली गाठ कसली आहे हे विचारायचं तर पेशीच पाहावी लागते, आणि पेशी पाहायची तर तुरटी आलीच.

राहिलं ते झाड. 2008 मध्ये जगभर हिमॅटॉक्सिलिनची टंचाई पडली, कारण ते आजही मुख्यतः त्या मेक्सिकोच्या लाकडातूनच काढतात. तेव्हा काही संशोधकांचं लक्ष गेलं पतंगाकडे. पतंग म्हणजे आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारं तांबडं लाकूड, केरळच्या खानावळीत ज्याचं गुलाबी पाणी प्यायला देतात ते. त्यातलं ब्राझिलिन हिमॅटॉक्सिलिनचं सख्खं चुलत भावंड, रेणूत फक्त एका ऑक्सिजनचा फरक. तुरटी घातली की तेही केंद्रकाला धरतं, फक्त रंग निळा न येता लाल येतो. मग पेशीच्या बाकी अंगाला इओसिनचा गुलाबी चालणार नाही, हिरवा किंवा निळा शोधावा लागेल. सुईच्या तपासणीच्या पट्टीवर पतंग कसा दिसतो, केंद्रकातल्या गुठळ्या तितक्याच स्पष्ट उठतात का, हे कुणीतरी शिस्तीत करून पाहायला हवं. लाकूड, तुरटी आणि जड पाणी, तिन्ही बारामतीच्या पेठेत आणि आसपास मिळतात.