पहिल्या महायुद्धांतील ऑस्ट्रेलियन पाहुणे व आपले शिपाई

ज्युबिलीच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची रीत आहे. देऊळ कोणीं उभारिलें व कोणते धर्मगुरु येथें राबले, ह्याची आठवण तर आपण करितोंच. आम्हीं येथें अशा कांहीं माणसांविषयीं लिहीत आहों, कीं जीं आपल्या गांवांत राहिलीं नाहींत. आपल्या रुळांवरून पुढें निघून गेलीं.

मुंबईहून निघालेला आगगाडीचा रस्ता १८५३ सालीं ठाण्यास व १८५४ सालीं कल्याणास पोंचला. कल्याणास त्याला दोन फांटे फुटतात. एक थळ घाट चढून देवळालीकडे जातो, दुसरा बोर घाटानें पुण्याकडे. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, रणभूमीवरील जखमी व दुखणाईत जहाजानें मुंबईस उतरत. मुंबई, देवळाली व पुणें येथें त्यांच्यासाठीं लष्करी इस्पितळें होतीं. मुंबईहून त्यांना घेऊन वर जाणाऱ्या गाड्या ठाणें, डोंबिवली व कल्याण ह्या आपल्याच वाटेनें गेल्या.

ह्या इस्पितळांतून शुश्रूषा करावयास १९१६ सालापासून ऑस्ट्रेलियन सैन्याच्या परिचारिका आल्या. युद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या पांचशेंच्या वर गेली. येथील उन्हाळा, पाऊस व सांथी ह्यांची त्यांना संवय नव्हती. एमी व्हेदा ओग्रेडी व कॅथलीन पॉवर ह्या दोघी ऑगस्ट १९१६ मध्यें हिंदुस्थानांतच आजारानें निवर्तल्या. दुसऱ्यांचीं दुखणीं निवारावयास आलेल्यांस दुखण्यानेंच गांठलें.

त्यांच्या आधीं एक वर्ष ऑस्ट्रेलियाची एक लहानशी विमानी तुकडी मेसोपोटेमियांत उतरली होती. हिंदुस्थान सरकारनें वैमानिक मागितले, तेव्हां चार अधिकारी व सुमारें चाळीस कामगार तिकडून निघाले, आणि मे १९१५ मध्यें बसऱ्यास पोंचले. कॅप्टन हेन्री पीटर हा त्यांचा नायक. जॉर्ज मर्झ हा वैमानिक पेशानें डॉक्टर होता. ३० जुलै १९१५ रोजीं बिघडलेलें विमान वाळवंटांत उतरवावें लागलें, व तेथें तो मारला गेला. युद्धांत पडलेला तो पहिला ऑस्ट्रेलियन वैमानिक होय.

ह्याच रणांत पुण्याची सहावी डिव्हिजन लढत होती, आणि तींत १०३, ११० व ११७ ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. बगदाद हातीं न लागतां माघार घ्यावी लागली, व ७ डिसेंबर १९१५ रोजीं तुर्कांनीं कूत गांवीं ह्या फौजेस वेढा दिला. वेढा जवळजवळ पांच महिने चालला. विमानांतून धान्याच्या गोणी टाकिल्या गेल्या. दळण्यासाठीं जात्यांचे दगडहि टाकिले गेले. ह्या कामांत कॅप्टन पीटर होता. परंतु तेवढ्यानें हजारों तोंडांस काय पुरणार? घोडे मारून खाण्याची पाळी आली. धर्माचा संकोच म्हणून पुष्कळ हिंदी शिपायांनीं तें मांस कित्येक आठवडे शिवलें नाहीं, व ते हाडांचे सांपळे झाले.

२९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० माणसें शरण गेलीं. त्यांत मराठा शिपाई होते, तसेच विमानी तुकडीचे नऊ ऑस्ट्रेलियन कामगारहि होते. बहुतेकांस वाळवंटांतून पायीं हांकून नेलें, आणि हजारों कैद्यांस बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलें. नऊ ऑस्ट्रेलियनांपैकीं दोघेच जिवंत सुटले. आपल्या शिपायांपैकींहि हजारों घरीं परतले नाहींत.

येथपर्यंत दोघांचें दुःख सारखें होतें. पुढें मात्र फरक पडला. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथें त्या देशाच्या मृतांचीं नांवें ब्राँझच्या फलकांवर, हुद्दा न लिहितां, कोरलीं आहेत. त्यांत ओग्रेडी व पॉवर ह्याहि आहेत. उलट बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं गेलीं, पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखालीं केवळ आंकडा लिहिला गेला. हा अन्याय झाला असें युद्धस्मशानें सांभाळणाऱ्या मंडळाच्या समितीनें १०० वर्षांनंतर, २०२१ सालीं, उघड मान्य केलें.

वाचकहो, नांव राखणें म्हणजे काय, हें आपणांस दुसऱ्या कोणीं शिकवावयास नको. आपल्या देवळाच्या वहींत श्रीमंताच्या व मोलकऱ्याच्या मुलाचें नांव एकाच शाईनें लिहिलें जातें. मृतांच्या वहींतहि तोच नियम. ज्या घरीं आजोबा-पणजोबांचें एखादें पदक, एखादें जुनें पत्र अथवा पेनशनीचा कागद असेल, त्यांनीं तो जपून ठेवावा, त्यावरील नांव मुलांस मोठ्यानें वाचून दाखवावें, व त्याची नोंद देवळांत करवावी. पाहुण्यांचीं नांवें त्यांच्या देशानें राखलीं. आपल्यांचीं नांवें आपणच राखलीं पाहिजेत.