ओहोटीचं पाणी

चेंबूरला आगगाडीतून आधी कचरा आला, माणसं मागून आली, असं आजोबा सांगायचे तेव्हा आम्हा मुलांना ती थट्टा वाटायची. पुढे वाचलं तर ते खरंच निघालं. कुर्ला-चेंबूर फाटा १९०६ साली टाकला तो मुंबईचा केर वाहायला. उतारूंची पाळी आली १९२४ मध्ये. प्लेगने हादरलेल्या शहराला आपली घाण लांब हवी होती, आणि ट्रॉम्बेच्या वाटेवरची खारी दलदल कुणाच्या खिजगणतीत नव्हती. १९२७ पासून तिथेच देवनारची क्षेपणभूमी चालू झाली. आजोबांच्या गोष्टीत मात्र साल कधीच नसे. वाघिणी उघड्या असत, वारा फिरला की आया वाळत घातलेले कपडे काढून घेत, एवढंच.

आमच्या घरात ठाणे खाडीची खरी परीक्षा आजी करायची. टोपलीतली चिंबोरी उलटी धरून ती पाठीचं कवच उचकटायची, आतला पिवळा गर नाकाशी न्यायची आणि क्षणभर डोळे मिटायची. तिच्या हिशेबी वास दोनच. एक घासलेटी: कुठेतरी तेल सांडलंय, दोन उधाणं जाऊ द्या, निघून जाईल. दुसरा कुजका: ही चिंबोरी डम्पिंगकडच्या नाल्याच्या तोंडची. तो वास धुऊन जात नाही, हळद-मीठ चोळूनही नाही. "त्या अंगाला पाग टाकायचा नाय," हा तिचा हुकूम बाबा आणि काका निमूट पाळत. तिकडच्या चिखलातले निवटे तर तिने कधी चुलीवर चढवलेच नाहीत.

शिसं किंवा पारा नाकाला कळत नाही, हे तिला कोण सांगणार? आजीचं नाक म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, आणि जुन्या माणसांना सगळं ठाऊक होतं या भाबडेपणावर माझा विश्वास नाही. पण तीच खाडी, तेच नाक आणि वर्षानुवर्षांची तुलना, एवढं तरी तिच्यापाशी होतं. सरकारी दप्तरात तेवढंही सलग सापडणं कठीण.

कचऱ्याचा डोंगर वरून सुका दिसला तरी पोटात ओला असतो. पाऊस मुरतो, कुजलेल्यातून काळं पाणी तळाशी झिरपतं. देवनार जुन्या पद्धतीचं, त्याला तळाशी अस्तर कसलं असणार? भरतीचं पाणी पायथ्याला येऊन भिडतं आणि ओहोटीला जाताना ते काळं पाणी सोबत घेऊन जातं. शिवाय आत, हवा न लागलेल्या थरांत मिथेन साठतो. २०१६ च्या जानेवारीत डोंगर पेटला तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला आणि महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

आता हा डोंगर बायोमायनिंगने उपसायचा आहे. २०२५ मध्ये महापालिकेने निविदा काढली: सुमारे १८५ लाख टन जुना कचरा, मुदत तीन वर्षं, खर्चाचा अंदाज दोन हजार कोटींच्या वर. बायोमायनिंग म्हणजे कचरा खणून, सुकवून फिरत्या चाळणीत घालायचा. माती एकीकडे, दगड-विटा दुसरीकडे, प्लास्टिक आणि चिंध्या सिमेंटच्या भट्टीला जळण म्हणून. मुलुंडला हेच काम २०१८ पासून चाललं. कचरा तिथे सत्तर लाख टन, म्हणजे निम्म्याहूनही कमी, मुदत सहा वर्षांची, तरी ती वाढवावी लागली. देवनारला तीन वर्षं पुरतील असं मानायला मोठं मन लागेल.

घाईचं कारण जमीन. २०२४ मध्ये इथली १२४ एकर धारावीकरांच्या पुनर्वसनासाठी द्यायचं ठरलं. घनकचरा नियम, २०१६ मध्ये म्हटलं होतं की बंद केलेल्या क्षेपणभूमीवर किमान पंधरा वर्षं देखरेख ठेवायची: भूजल तपासायचं, झिरपणारं पाणी आणि वायू मोजायचे, आकडे नीट आले आणि जमीन स्थिर असली तरच पुढे वस्तीचा विचार. कचराच उचलला तर हा नियम कशाला, असं कुणी म्हणेल. पण उचलला जाईल तो कचरा. जवळजवळ शंभर वर्षं ते काळं पाणी प्यालेला चिखल तिथेच राहील. मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या डम्पिंगवर काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि जमिनीतून येणाऱ्या वायूंनी आतले संगणक बिघडू लागले. तिथे माणसं निदान संध्याकाळी घरी जात होती. धारावीची माणसं इथे झोपणार आहेत.

गंमत म्हणजे याच खाडीत आता रोहित पक्षी बघायला बोटी निघतात. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा मान मिळाला. आजोबांच्या एकाही गोष्टीत रोहित नाही. हा थवा नव्वदच्या दशकातला पाहुणा.

पाणी तपासायला कुणी आलं तर काय सांगायचं, हे काकांनी ठरवून ठेवलंय. भरतीला बाटली बुडवू नका, तेव्हा सगळंच पाणी साळसूद असतं. पूर्ण ओहोटीला या, नाल्याच्या तोंडाशी गुडघाभर चिखलात उतरा. एक खेप मे महिन्यात, एक पहिल्या मोठ्या पावसानंतर, आणि दर साली त्याच जागी. आकडे मराठीत लिहून जेट्टीवर लावा. चिखलात रुतायला नको असेल तर होडी काका देतील, डिझेलचे पैसे तेवढे वेगळे.