ल्यूथरचा अपराधभाव आणि कृपेचा सिद्धान्त

धर्मसुधारणा चळवळीचा अभ्यास आपल्याकडे बहुधा १५१७ पासून, म्हणजे पापमुक्तिपत्रांच्या वादापासून सुरू होतो. त्यामुळे हा प्रश्न पैशांचा आणि पोपच्या भ्रष्टाचाराचा होता, असा समज होतो. पण मार्टिन ल्यूथरची खरी अडचण त्याच्या बारा वर्षे आधीची आहे आणि ती पैशांची नव्हती.

जुलै १५०५ मध्ये कायद्याचा हा विद्यार्थी एर्फुर्ट येथील ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. तो मठात आळशी किंवा बंडखोर नव्हता. उलट उपास, जागरणे, प्रार्थना हे सर्व तो नियमाबाहेर जाऊन करी. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापांची कबुली देणे बंधनकारक केले होते. आठवतील ती सर्व गंभीर पापे सांगायची, हा नियम. सर्वसामान्य माणूस ते करून घरी जाई. ल्यूथर मात्र कबुली देऊन परतला की, एखादे पाप सांगायचे राहिले तर नाही, या शंकेने पुन्हा धर्मगुरूकडे जाई. त्याचे वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्स या प्रकाराने त्रासून गेले होते.

या शंकेच्या मुळाशी त्या काळचे धर्मशास्त्र होते. एर्फुर्टमध्ये गाब्रिएल बील यांच्या परंपरेतील शिकवण चाले. माणसाने आपल्या कुवतीनुसार जे शक्य ते केले, तर देव त्याला कृपा नाकारत नाही, असे तिचे सार. ऐकायला ही शिकवण उदार वाटते. पण 'जे शक्य ते सर्व मी केले' हे ठरवायचे कोणी? प्रामाणिक माणसाला याचे उत्तर कधीच 'होय' असे देता येत नाही. म्हणजे जो जितका काटेकोर, तितका तो अधिक अपराधी! कर्मठपणाचा हा पेच विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा, कारण पुढचा सारा वाद त्यातून निघाला.

विटेनबर्ग विद्यापीठात १५१३ पासून स्तोत्रे आणि नंतर पौलाचे रोमकरांस पत्र शिकवताना ल्यूथरला वाट सापडली. 'देवाचे नीतिमत्त्व' हा शब्दप्रयोग त्याला आधी भयंकर वाटे, कारण त्याचा अर्थ तो 'शिक्षा करणाऱ्या देवाचा न्याय' असा घेई. आता त्याने तो 'देव पापी माणसाला विश्वासाद्वारे बहाल करतो ते नीतिमत्त्व' असा लावला. क्षमा ही कमाई नसून देणगी ठरली. सत्कर्मे तिची किंमत न राहता तिचा परिणाम झाली. हा बदल नेमका केव्हा झाला, याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. स्वतः ल्यूथरने ही हकीकत १५४५ मध्ये, म्हणजे वृद्धपणी लिहिली, आणि म्हाताऱ्या माणसाच्या आठवणी घटनांना नीटनेटके करून टाकतात.

हे ध्यानात घेतले की १५१७ चा संताप समजतो. टेट्झेल नावाचा धर्मोपदेशक पापमुक्तिपत्रे विकत होता आणि विटेनबर्गचे लोक सीमा ओलांडून ती घ्यायला जात. ज्या प्रश्नाने ल्यूथरची झोप उडवली होती, त्याचे उत्तर नाणी टाकून मिळू लागले होते. त्याच्या ९५ प्रबंधांपैकी पहिलाच सांगतो की, ख्रिस्ताला अपेक्षित असलेला पश्चात्ताप आयुष्यभराचा असतो. म्हणजे तो स्वस्त सुटकेच्या विरोधात होता, हे विसरू नये.

१५२० च्या 'ख्रिस्ती माणसाचे स्वातंत्र्य' या पुस्तिकेत हा विचार सर्वांपुढे आला. मात्र 'स्वातंत्र्य' हा शब्द लेखकाच्या मुठीत राहत नाही. मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन येथे शेतकऱ्यांनी बारा कलमी मागण्या मांडल्या. ख्रिस्ताने सर्वांना मुक्त केले असेल, तर आम्ही भूदास कसे, असा त्यांचा सवाल होता. ल्यूथरने हे स्वातंत्र्य आत्म्याचे आहे असे म्हणून पुढे बंड चिरडण्यास राजांना उघड पाठिंबा दिला. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याच्या कारकिर्दीतील हा सर्वात दुबळा भाग आहे.

क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९६३ मध्ये एक वेगळाच आक्षेप घेतला. पौलाला अपराधभावाने पछाडले नव्हते. यहुदी आणि बिगरयहुदी एकत्र कसे नांदतील, ही त्याची चिंता होती. ल्यूथरने आपले दुखणे पौलाच्या पत्रात वाचले, असे त्यांचे म्हणणे. आणि ते दुखणे पुरते गेलेही नाही. १५२७ मध्ये, कृपेचा उपदेश करून वर्षे लोटल्यावर, ल्यूथरला निराशेचा एवढा तीव्र झटका आला की, आपण आता वाचत नाही असे त्याला वाटले होते.