नऊ इंचांची गोष्ट

लखनौला पोस्टिंग आल्यापासून थंडीतल्या रविवारचा माझा एक नेम आहे. कॅन्टोन्मेंटमधून निघायचं, चौकात गोल दरवाजापाशी मक्खन मलाईचा एक दोना संपवायचा आणि जवळच नक्खासच्या बाजारात शिरायचं. तिथे रविवारी जुनं सामान विकायला येतं. कुलपं, घड्याळं, पानदानं, सरोते. माझी नजर मात्र मिटणारे चाकू शोधत असते.

हा नाद आजोबांमुळे लागला. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. परत येताना फौजेचा चाकू घेऊन आले. एक पातं, एक डबा फोडायची पत्ती आणि दोराच्या गाठी सोडवायला जाड टोचा. आजी त्याने बियाण्याचे बटाटे कापायची. माझ्या संग्रहातला तो पहिला.

चाकूची घडण बघितली की तो कुणासाठी बनला ते कळतं. स्वित्झर्लंडने १८९१ साली आपल्या सैनिकांना दिलेल्या चाकूत पेचकस होता, कारण त्यांची नवी रायफल खोलायला तो लागायचा. रामपुरीत असलं काहीच नाही. लांब, अरुंद, टोकाला निमुळतं होत गेलेलं एकच पातं आणि उघडल्यावर ते मिटू नये म्हणून पाठीला खटका. जुन्या स्पॅनिश नवाहा चाकूची घडण याच्या फार जवळची आहे.

आता थोडा इतिहास. १७७२ मध्ये महादजी शिंदे आणि विसाजी कृष्ण बिनीवाले रोहिलखंडात घुसले. पानिपतचा हिशेब बाकी होताच. घाबरलेल्या रोहिल्यांनी अवधच्या शुजाउद्दौल्याला संरक्षणाबद्दल ४० लाख रुपये कबूल केले. मराठे परत गेले, पैसे काही दिले गेले नाहीत. त्यावरून १७७४ मध्ये अवध आणि इंग्रज यांनी मिळून रोहिल्यांचा पराभव केला, आणि तहात फैजुल्लाखानाच्या वाट्याला जो तुकडा आला तेच रामपूर संस्थान. म्हणजे ज्या गावाचं नाव या चाकूला लागलं, त्याच्या जन्मपत्रिकेत आपलेही ग्रह आहेत!

तर गेल्या महिन्यात नक्खासला एका म्हाताऱ्या चाचांच्या फडक्यावर जुना रामपुरी दिसला. पितळी मूठ, हाडाच्या पट्ट्या. उघडताना खटक्याचा आवाज असा स्वच्छ आला की शेजारचा घड्याळवाला वळून बघायला लागला. कित्येक वर्षं मी हाच शोधत होतो. वीत लावून पाहिली. माझी वीत नऊ इंचांची, पातं तिच्याही पुढे बोटभर गेलं.

मंडळी, शस्त्र नियमांप्रमाणे नऊ इंचांहून लांब पात्याच्या अशा हत्याराला परवाना लागतो. शिवाय १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब चाकू बनवायलाच बंदी केली. हिंदी सिनेमातल्या गुंडांनी रामपुरीचं नाव घरोघरी पोचवलं होतं, त्याचे चटके कारागिरांना बसले. आणि २०२३ मध्ये त्याच रामपुरात चौकात वीस फुटांचा चाकू उभा केला. पुतळा झाला, धंदा आटला.

चाकू मिटून परत ठेवला. चाचा म्हणाले, "फौजी हो, आपको कौन पूछेगा?" मी म्हटलं, "चाचा, फौजी हूँ, इसीलिए."

ते हसले नाहीत. फडक्याखालून चार इंचांचा एक छोटा काढून दिला. हा त्यांनी स्वतः बनवलेला. खटक्याला पाणी कसं द्यायचं ते वडिलांकडून शिकले होते. मुलगा ई-रिक्षा चालवतो, त्याला ते कधी शिकवलंच नाही.

सांगितली तेवढी किंमत दिली. घरी येऊन त्याला तेल लावलं आणि आजोबांच्या चाकूशेजारी ठेवला. मोठ्याची आठवण अजून येते. पण खटक्याचा आवाज याचाही तसाच आहे.