जोतं, चुना आणि भिंतीतली ओल

पाऊस तोंडावर आला की आपल्या शहापूर-मुरबाडकडे घरोघरी एकच धांदल. कौलं शाकारायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, धान्याची कणगी उंचावर ठेवायची. छपराकडे लक्ष जातं, पायाकडे मात्र जात नाही. आज त्या पायाचाच इतिहास बघूया.

आपल्या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अशा मुलखात तळघर खणणं म्हणजे विहीर खणण्यासारखंच. म्हणून आपल्या लोकांनी घर वर उचललं. त्या उचललेल्या भागाला आपण जोतं म्हणतो.

ऐपत असे त्याचं जोतं काळ्या दगडाचं. हा दगड पाणी सहसा शोषत नाही. मुरबाडच्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढलात तर वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतील. सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेखही तिथेच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या दगडाने पाणी धरून ठेवलं, त्याच जातीच्या दगडाने जोत्यात पाणी अडवलं.

गरिबाचं जोतं मातीचं. मुरूम टाकायचा, धुमसाने ठोकायचा, चोपण्याने भुई चोपायची, शेणाने सारवायची. भिंती कारवीच्या कुडाच्या, त्यावर मातीचा लेप. या घराला ओल यायची, पण ऊन पडलं की वाळायचीही, कारण माती श्वास घेते. दर वर्षीची ही डागडुजी बहुतेक बायकांच्याच हातची. इतिहासाच्या पुस्तकांत तिची नोंद क्वचितच सापडते.

मोठ्या बांधकामात चुना असे. चुन्याच्या घाणीत विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळली की तो चुना पाण्यातही घट्ट होतो. कुठे गूळ, कुठे बेलफळाचा गर, कुठे हिरड्याचं पाणीही घालत. आपल्या तालुक्यातलं तानसा धरण 1892 साली पुरं झालं, तेही दगड-चुन्याचंच. त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि आपल्याकडच्या कितीतरी पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते. पावसाळ्यात त्याच पाड्यांवर भिंती ओल्या. पाणी हवं तिथे नाही, नको तिथे आहे.

मग सिमेंट आलं. इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन याने 1824 साली पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्या देशात पोरबंदरला 1914 साली सिमेंट तयार होऊ लागलं. पुढे कित्येक वर्षं सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, परमिट लागायचं. ते 1982 साली सैल झालं आणि 1989 साली पुरतं उठलं. त्यानंतर सिमेंटची गोणी गावच्या दुकानात सहज मिळू लागली. इंदिरा आवास आणि 2016 पासूनची प्रधानमंत्री आवास योजना, यांतून पक्की घरकुलं उभी राहिली. पक्कं घर बाईसाठी मोठी गोष्ट आहे. पण पैसा मोजका असला की काटकसर होते ती न दिसणाऱ्या ठिकाणी, म्हणजे जोत्यात.

दिव्यातली वात तेल वर ओढते ना, तशी वीट जमिनीतलं पाणी वर ओढते. पाणी सुकतं, क्षार मागे राहतात, भिंतीला लोणा लागतो, गिलावा फुगून पडतो. मग आपण आतून पुन्हा सिमेंट थापतो, वर ऑइलपेंट मारतो. बाहेर पडायची वाट बंद झाली की ओल आणखी वर चढते. धान्याला बुरशी लागते, अंथरूण दमट होतं, लहान मुलांचा खोकला हटत नाही.

घर बांधायचं असेल तर भिंत सुरू होण्याआधीच गवंड्याशी बोला. जोतं आसपासच्या जमिनीपासून निदान दीड फूट उंच हवं. रस्ता पुढे उंच होणार असेल तर त्याहूनही जास्त. जोत्यावर, भिंतीच्या पूर्ण रुंदीत, दीड-दोन इंच काँक्रीटचा थर हवा. त्यात पाणीरोधक पावडर आणि वर डांबराचा हात. हा थर नंतर घालणं फार अवघड आणि महागाचं.

घर बांधून झालं असेल तर आधी बाहेर बघा. पागोळीचं पाणी पायाशी साचतं का? अंगणाचा उतार घराकडे आहे का? दर वर्षी माती टाकून अंगण जोत्याच्या वर गेलंय का? ती माती काढा, नाली खणा, उतार बाहेर करा. जोत्याच्या भेगा भरून घ्या. फुगलेला गिलावा काढून भिंत उन्हाळाभर सुकू द्या, मगच नवा लावा. जुन्या माती-चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा बरा.

घरकुलाचा हप्ता बाईच्या नावावर येतो, तेव्हा जोत्याची उंचीही बाईने मोजून घ्यावी. त्याला फक्त एक टेप लागतो.